मॅक फिल्टरच्या भरवशावर वायफाय सोडू नका

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला जोरात फिरतोय: 'राउटरमध्ये मॅक फिल्टर लावा. यादीतलीच यंत्रं जोडली जातील, मग पासवर्ड फुटला तरी बिघडत नाही. विंडोज, अॅपलचे मॅक, लिनक्स अशी सरमिसळ असेल तर दुसरा उपाय लाखांत जातो.' यातलं एकही वाक्य टिकत नाही.

यादीचं आधी बघू. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक. डब्ल्यूपीए२ ही वायफायची नेहमीची सुरक्षा लावली तरी फक्त मजकूर कूटबद्ध होतो. हा पत्ता हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत (फ्रेमसोबत) उघडाच जातो. कंपाउंडबाहेर लॅपटॉप घेऊन थांबलेल्याला तो टिपता येतो आणि लिनक्सवर एका कमांडने स्वतःच्या कार्डाला लावता येतो. पासवर्डही फुटलेला असेल, तर तो आत आलाच. म्हणून 'पासवर्ड फुटला तरी बिघडत नाही' हे मला सगळ्यात घातक वाटतं.

उलट अडतात ती आपलीच माणसं. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन आपणहून बनावट मॅक पत्ता दाखवतात, तो यादीशी जुळत नाही. यादी जुळवत बसायचं काम मात्र तुमच्या गळ्यात पडतं.

आता लाखांचं. दुसरा उपाय म्हणजे ८०२.१एक्स, प्रत्येकाची ओळख तपासूनच नेटवर्कमध्ये घेण्याचं मानक. ते २००१चं आहे. विंडोज, मॅकओएस, अँड्रॉइड, आयफोन यांत त्याची सोय मुळातच असते. लिनक्सवर त्यासाठी डब्ल्यूपीए सप्लिकंट हा प्रोग्राम आहे. प्रत्येकाला वेगळं खातं किंवा डिजिटल प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे कुणी नोकरी सोडली की तेवढंच बंद करायचं, सगळ्यांचा पासवर्ड बदलायला नको. ओळख तपासणाऱ्या सर्व्हरसाठी फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, छोट्या ऑफिसला जुना पीसीही पुरतो. अॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं यंत्र) 'डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ', म्हणजे ८०२.१एक्सवालं वायफाय, चालवतो का, एवढं तपासा. खरा खर्च मेहनतीचा आहे. प्रत्येक यंत्रावर सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासण्याची सेटिंग चालू करावीच लागते. ती राहिली, तर त्याच नावाचं खोटं वायफाय उभं करून खात्यांची माहिती पळवता येते. केबलवरच्या विंडोज पीसीत 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिसही सुरू करावी लागते, ती सहसा बंद असते.

जुने प्रिंटर आणि सीसीटीव्हीचे डीव्हीआर यांना बहुधा हे जमत नाही. तिथे मॅक यादी वापरा, पण ती यंत्रं वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या कप्प्यात, ठेवा. प्रिंटरच्या नावाने कुणी शिरलाच, तर तिथून टॅलीच्या पीसीपर्यंत वाट असता कामा नये.