घड्याळ ठणठणीत, अ‍ॅप वारलं

माझ्या स्मार्टवॉचला काहीही झालेलं नाही, हे आधी सांगतो. काचेवर ओरखडा नाही, पट्टा शाबूत, चार्जिंग झकास. वारलं ते त्याचं अ‍ॅप.

जानेवारीत फोन बदलला. नव्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप शोधलं तर त्या नावाखाली एक पंचांग आणि रमीचा डाव निघाला. अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं. कंपनीनं ते पुढे सुधारलंच नाही, म्हणून नव्या फोनला ते दिसेना. त्या दिवसापासून घड्याळातलं हवामान गोठलं ते 14 अंशांवर. एप्रिलमध्ये लातूर चाळिशी ओलांडून गेलं, मनगटावर मात्र हुडहुडी. बायको म्हणाली, "कूलर बंद करा की. घड्याळाकडं बघत बसा, लाईट बिल तरी वाचंल."

पावलं तेवढी ते इमानेइतबारे मोजत होतं. गावाकडच्या एसटीत मी बसून, आणि प्रत्येक खड्डा माझ्या खात्यावर जमा.

मग एका लग्नाच्या गडबडीत बॅटरी पार संपली. चार्ज करून चालू केलं तर 1 जानेवारी, रात्रीचे बारा. या घड्याळाला स्वतःची वेळच नाही म्हणे. ती फोनकडून मागून घ्यावी लागते, आणि मागायचं ते अ‍ॅपमार्फत.

हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड बोलली.

"सर, घड्याळ अपडेट करून घ्या."

"कसं करायचं?"

"अ‍ॅपमधून, सर."

"अ‍ॅप मिळत नाही हो."

"मग सर, आधी घड्याळ अपडेट करून घ्या."

भाचा इथंच नीटच्या क्लासला आहे. त्यानं कुठल्याशा साइटवरून अ‍ॅपची फाइल आणली. घालू नये अशी तीन वेळा ताकीद देऊन फोननं ती घेतली. अ‍ॅप उघडलं! लॉगिनसाठी ओटीपी पाठवला, असंही म्हणालं. आम्ही दोघं फोनकडं टक लावून बसलो. पाठवणारा सर्व्हरच बंद झालाय, हे भाच्याला चहा झाल्यावर उमगलं.

"मामा, मोठमोठ्यांचं असंच झालंय," त्यानं सांत्वन केलं. पेबल नावाच्या घड्याळासाठी 2012 मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरून एक कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली होती. 2016 च्या शेवटी फिटबिटनं त्या कंपनीची मालमत्ता घेतली आणि 30 जून 2018 ला सर्व्हर बंद. पण त्या घड्याळाचे चाहते असे चिवट, की त्यांनी 'रिबल' नावानं स्वतःचे सर्व्हर उभारले. अ‍ॅपलनं 2015 मध्ये सोन्याचं घड्याळ काढलं, किंमत 10 हजार डॉलरपासून पुढं; 2018 मध्ये घड्याळांसाठी वॉचओएस 5 ही नवी प्रणाली आली, तर ती मिळणाऱ्या घड्याळांच्या यादीतून त्याचं नाव गायब. ते निदान सराफाकडं तरी गेलं असेल. माझं प्लास्टिकचं.

ब्रिटनमध्ये 2024 पासून अशा वस्तूंना किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील, हे कंपनीला सांगावंच लागतं. मी माळ्यावरून खोकं काढून उलटंपालटं करून वाचलं. एक वर्षाची वॉरंटी, तीही यंत्राची. अ‍ॅपच्या आयुष्याबद्दल अवाक्षर नाही.

आमच्या लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईला, 16 रस्ते येऊन मिळतात, पण एकाही रस्त्यावर हे दुरुस्त करणारा मिळाला नाही. एका घड्याळजीनं भिंग लावून पाहिलं आणि "यात काय बिघडलंय?" असं मलाच विचारलं. खरंच, काय बिघडलंय?

शेवटी गावाकडच्या नानांनी नेमकं निदान केलं. सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "म्हंजी रान तुझं, सातबारा त्यांचा."

मग घड्याळ हातात घेऊन इकडंतिकडं बोटं फिरवत राहिले. अचानक पडदा पांढराफेक उजळला. नानांचे डोळे त्याहून.

"आरं, बॅटरी हाय की यात! रातच्याला लाईट येती, उसाला पाणी द्यायला जावं लागतंय. एक हात मोबाइलात गुतून बसतो. दे मला."

दिलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला. आवाजात कौतुक मावेना.

"आरं, त्या बॅटरीत घड्याळबी हाय बघ! पर टाइम चुकलाय. लावायला कुठं पिळायचं?"