शेवटी यादी लावली की झालं?

सबमिशन जवळ आलं की सांगलीत एम.ए. मानसशास्त्राच्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "टेन्शन घेऊ नका. संदर्भांची यादी शेवटी लावा, मध्ये नावं टाकायची गरज नाही. शब्द बदलले की चोरी धरत नाहीत, साम्य १० टक्क्यांच्या आत आलं की विषय संपला. मूळ लेख कोण बघतंय? एपीए म्हणजे नुसता स्वल्पविरामांचा छळ." यंदा तो मला तिघांनी पाठवला.

छळाचं आधी मान्य करून टाकते. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लिखाणाची आणि संदर्भ देण्याची पद्धत. १९२९ मध्ये ती सात पानांच्या लेखात मावली होती. आजची सातवी आवृत्ती चारशे पानांच्या वर गेली आहे. बाकीचं मात्र चूक.

यादीत चाळीस नावं आहेत, पण चौथ्या पानावरचं विधान त्यातल्या कुणाचं, हे ओळखायचं कसं? म्हणून मजकुरात आडनाव आणि साल. आपल्याकडे तर तेवढ्यानंही भागत नाही. इस्लामपूरपासून मिरजेपर्यंत पाटीलच पाटील! यादीत दोन वेगळे पाटील आले, तर मजकुरातही आद्याक्षरं लिहायची, असा नियमच आहे. अमेरिकेत तो स्मिथ मंडळींसाठी केला असेल; कामाला आपल्या येतो.

१० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांत शिक्षा नाही, हे खरं. पण त्याच नियमांत चोरी म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं, असंही लिहिलंय. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर मुख्यतः शब्द जुळवून बघतं. इंग्रजी लेख मराठीत उतरवून काढला तर साम्य जवळजवळ शून्य येईल, चोरी मात्र अख्खी. उलट, श्रेय देऊन घेतलेलं अवतरण आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असते. त्यामुळे "संदर्भ दिले की टक्के वाढतात" ही भीतीही फुकाची.

राहिला मूळ लेख. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी विश्रामबागेतून स्पायरल मारून प्रकल्प घेऊन आली. अकराव्या पानावर गरजांचा रंगीत पिरॅमिड, खाली "(मास्लो, १९४३)".

"लेख वाचलास?"

"नाही मॅडम, नोट्समध्ये असंच होतं."

लेख इंटरनेटवर फुकट आहे. तिच्याच मोबाईलवर दोघींनी शेवटापर्यंत चाळला. गरजांची उतरंड सापडली, पिरॅमिड कुठेच नाही. तो नंतरच्या लोकांनी काढला आणि पुस्तकापुस्तकांतून मानसशास्त्रज्ञ मास्लोंच्या नावावर चढला. तिनं न वाचलेल्या लेखाची साक्ष काढली होती. मूळ मिळतच नसेल, तर मजकुरात "अमक्याच्या पुस्तकात उद्धृत" असं लिहून यादीत आपण वाचलेलं ते पुस्तक द्यायचं. आणि आकृती जिथून घेतली, तिथलंच नाव तिच्याखाली घालायचं.

"मग पुस्तकाचं नाव लिहू?" म्हणत तिनं नोट्स उलटसुलट केल्या. झेरॉक्सची झेरॉक्स होती ती. पहिलं पानच नव्हतं.