सन कोन्युरला कागद का लागतात: खारघरच्या ग्राहकाच्या तक्रारीला आमचे उत्तर

नमस्कार साहेब,

ऑनलाइन अभिप्रायात एक तारा देऊन तुम्ही लिहिले आहे की सन कोन्युर हा परदेशी पोपट देताना आम्ही आधार कार्ड आणि फॉर्म मागून दिवस घालवले. याच दुकानातून लव्हबर्डची जोडी साध्या बिलावर मिळाली होती, तेव्हा आताचे कागद म्हणजे जास्त पैसे काढायचा बहाणा, असे तुमचे म्हणणे. मोबाइलवर हाच पक्षी निम्म्या किमतीत घरपोच मिळतो, असेही तुम्ही म्हणता. आणि गावी जाताना आईंचा पहाडी पोपट चार दिवस ठेवून घ्यायलाही आम्ही नकार दिला. हे इतर पक्षीपाळकही वाचतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

लव्हबर्डचा प्रश्न रास्त आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि त्यातून नवी अनुसूची चार आली. सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतल्या प्रजाती त्या अनुसूचीत आहेत. पोपटवर्गातले जवळपास सगळे पक्षी त्यात येतात. वगळलेले चारच: बजी, कॉकाटील, पीच-फेस लव्हबर्ड आणि आपला साधा हिरवा पोपट. तुम्ही नेलेली जोडी पीच-फेसची होती, म्हणून बिल पुरले. फिशर लव्हबर्ड मागितला असता तर त्यालाही हेच सगळे करावे लागले असते. फरक डोळ्यांनी कळतो. फिशरच्या डोळ्याभोवती पांढरे जाड कडे असते आणि चोच लालभडक. पीच-फेसला ते कडे नसते आणि चोच फिकट, शिंगाच्या रंगाची. दुकानांत दोन्ही 'लव्हबर्ड' म्हणूनच विकले जातात आणि घोटाळा तिथेच होतो.

सन कोन्युर मात्र सरळ यादीत आहे, सायटीसच्या परिशिष्ट दोनमध्ये. २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या नोंदणी नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज तुमच्या नावाने असतो, दुकानाच्या नाही. आधार कार्ड त्यासाठीच मागितले, कारण आमच्या बाजूने पक्षी कोणाला दिला याची नोंद आणि तुमचा अर्ज यांतले नाव-पत्ता अक्षरशः जुळायला हवा. पोर्टलवर जे शुल्क दिसेल ते तुम्ही तिथेच भरायचे. आमच्या बिलात त्याचा एक रुपयाही नाही. बिलात पक्ष्याव्यतिरिक्त आहे ती डीएनए चाचणी, कारण सन कोन्युरचा नर-मादी रंगावरून कळत नाही. छातीची चार-पाच पिसे मुळासकट काढून प्रयोगशाळेत पाठवावी लागतात. गळून पडलेले पीस चालत नाही.

अर्ज कुठे अडकतो ते सांगून ठेवतो. पहिली अडचण शास्त्रीय नावाची. सन कोन्युर म्हणजे अराटिंगा सोल्स्टिशिॲलिस आणि त्याच्यासारखाच दिसणारा जेंडे कोन्युर म्हणजे अराटिंगा जंडाया. पिल्लूपणी सनच्या अंगावरही बराच हिरवा रंग असतो, त्यामुळे फोटो पाहून नाव टाकणारे हमखास चुकतात. आमच्या बिलावर छापलेले नाव जसेच्या तसे उतरवा. दुसरी अडचण खास आपल्या नवी मुंबईची. आमचे दुकान नेरूळला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. तुमचे घर खारघरला, म्हणजे रायगडात. पत्त्यात दोन्हीकडे 'नवी मुंबई' असले तरी अर्जात जिल्हा रायगडच निवडा.

आता रिंगबद्दल. तुमच्या पक्ष्याच्या पायात बंद, म्हणजे जोड नसलेली रिंग आहे. ती पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे असतानाच बोटांवरून सरकवून घालता येते. नंतर पंजा वाढतो, मग रिंग शिरतही नाही आणि न कापता निघतही नाही. म्हणून बंद रिंगवरचा क्रमांक पक्षी पिंजऱ्यातच जन्मल्याचा चांगला पुरावा ठरतो. उघडी रिंग पकडीने कधीही, कुठल्याही पक्ष्याला घालता येते. ऑनलाइन फोटोत 'रिंग्ड' लिहिलेले दिसले तर पाय जवळून बघा: जोडाची फट दिसली की त्या शब्दाला किंमत नाही.

निम्म्या किमतीचे कारणही यातच आहे. विकणाऱ्याकडे स्वतःची नोंदणी नसेल, तर पक्षी कुठून आला या रकान्यात तुम्ही काय लिहिणार? 'कागद मागाहून देतो' म्हणणारा माणूस नंबर बंद करून मोकळा होतो आणि पक्षी तुमच्या घरात राहतो. या कायद्याच्या कलम ५७ मध्ये ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे प्राणी सापडला त्याच्यावर टाकली आहे. शिवाय स्वस्तातले पिल्लू बहुतेकदा दाणे खायला लागण्याआधीच देतात. त्याला सिरिंजने खिमट भरवताना ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास लागते. फार गरम झाले तर गळ्यातली पिशवी भाजते, थंड झाले तर अन्न तिथेच साचून आंबते. नवख्या माणसाच्या हातून अशी पिल्ले दगावतात, हे आम्हाला खरोखर सहन होत नाही. आम्ही पिल्लू स्वतः खायला लागल्यावरच देतो.

पहाडी पोपटाचा विषय वेगळा आहे. तो परदेशी नाही, देशी आहे आणि अनुसूची दोनमध्ये येतो. साधा हिरवा पोपटही तिथेच. अनुसूची चारमधून त्याला वगळले म्हणजे पाळायची मुभा मिळाली, असा अर्थ काढू नका. या दोघांसाठी परिवेशवर नोंदणीची सोयच नाही, कितीही वर्षांपासून घरात असले तरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो आम्ही चार दिवस ठेवला असता तर तो ताबा आमचा झाला असता. आईंचा जीव त्याच्यावर आहे हे समजते, तरी आमचा सल्ला वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर स्वतःहून कळवण्याचा आहे. गॅलरीतून सोडून देऊ नका. पंख कापलेला, माणसाच्या हातून खाणारा पोपट कावळ्यांच्या आणि मांजरांच्या तावडीत सापडतो. वन विभागाकडे नेताना हवेची भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाशी जुना टॉवेल अंथरा आणि सोबत पेरूची फोड ठेवा. उघड्या पिंजऱ्यात रस्त्याच्या गोंगाटाने तो बिथरतो.

तुमचा कोन्युर अजून तुमच्या नावावर राखून ठेवला आहे. न्यायचा असेल तर आधार कार्डची प्रत घेऊन या, अर्ज काउंटरवर बसून तुमच्याच मोबाइलवरून भरून देऊ. नको असेल तर टोकनची पूर्ण रक्कम परत मिळेल.