ऑपरेटर कधी चुकत नाही

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या एखाद्या टेस्टिंग लॅबसाठी मोजमापाची पायथन स्क्रिप्ट लिहायला घेतलीय ना? मग आधी एक गाठ मारून ठेवा: ऑपरेटर कधी चुकत नाही. तो टाइप करेल तो आकडा 'फ्लोट'मध्ये (टाइप केलेल्या मजकुराची दशांश संख्या करणारं पायथनचं फंक्शन) घाला आणि थेट पॉवर सप्लायला पाठवा. मधे तपासणी म्हणजे माणसावर अविश्वास, आणि नाशकात असं वागत नाहीत.

कुणी '५ एमव्ही', म्हणजे पाच मिलिव्होल्ट, लिहिलं की 'फ्लोट' व्हॅल्यू एरर देऊन बोंबलतो. अक्षरं गाळून टाका, ५ उरतात. मिलिव्होल्टचे व्होल्ट झाले, हजारपट. सॅम्पल जळालं तर सॅम्पलच कच्चं होतं. (नुसता देवनागरी '५' मात्र पायथन निमूट घेतो. खरंच, करून बघा.)

मर्यादा घालायचीच हौस असेल तर अशी घाला: शून्यापेक्षा कमी किंवा दहापेक्षा जास्त असेल तर नाकार. आता 'नॅन' टाइप करा. म्हणजे 'नॉट अ नंबर', पण 'फ्लोट'ला तो चालतो. नॅन शून्याहून लहान नाही, दहाहून मोठाही नाही. गेला की आत! 'शून्य ते दहामध्ये असेल तरच घे' असं लिहिलं असतं तर दारातच अडला असता. म्हणून तसं लिहू नका.

चुका दिसायलाच नको असतील तर सगळं एका लूपमध्ये घाला, चूक पकडणारा 'एक्सेप्ट' बिनानावाचा ठेवा आणि खाली 'पास', म्हणजे 'काही करू नको'. असा एक्सेप्ट प्रोग्रॅम थांबवायचं कंट्रोल-सीसुद्धा गिळतो. थांबवायचं असेल त्याने भिंतीवरच्या बटणापर्यंत पळावं, तेवढाच व्यायाम.

सॅम्पल नंबर विचारायचा तो रात्रभराची टेस्ट संपल्यावर, त्या लूपच्या बाहेर, डेटा सेव्ह करण्याच्या आधी. पेंगुळलेल्या ऑपरेटरने नुसतं एंटर दाबलं की रिकामी जागा 'इंट'ला (पूर्णांक करणारं फंक्शन) पचत नाही. स्क्रिप्ट पडते, रीडिंग जातात. 'फायनली' (काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) लिहिलेलं नसल्याने सप्लायचं आउटपुट चालूच राहतं. उपकरण बिचारं आपल्या एरर रांगेत '-२२२, डेटा आउट ऑफ रेंज' नोंदवून बसलेलं असतं. विचारूच नका त्याला.

टेस्टिंग लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाचं कलम ७.११ सॉफ्टवेअर वापरण्याआधी पडताळून घ्या म्हणतं. घ्या की! आपणच बसायचं, आपणच ५ टाइप करायचं, ५ आले. सही, शिक्का, फाइल कपाटात.