हॉस्टेल मिळेपर्यंत मामा

भाचीच्या हॉस्टेलच्या अर्जावर ‘स्थानिक पालक’ म्हणून सही करायला गेलो, तर खिडकीतल्या साहेबांनी माझ्या आधारची झेरॉक्स उजेडात धरली. जणू मी खोटी नोट आहे.

“मामा इथलेच?”

“हो. स्थानिक पालक स्थानिकच लागतो ना?”

“घर किती लांब?”

“सहा किलोमीटर.”

“मग तुमच्याकडेच ठेवा की तिला.”

“साहेब, वन बीएचकेमध्ये चार माणसं आहोत.”

“इथं एका खोलीत तिघी असतात.” म्हणजे आमचा हॉल रिकामाच म्हणायचा.

“बरं, स्थानिक पालक नसलाच तर?”

“अर्ज बाद.”

“आणि असला तर?”

“तर हॉस्टेलची गरज काय?”

रांगेतला एक बाप हे वहीत उतरवून घेत होता. तेवढ्यात साहेबांना माझी सही चौकटीबाहेर गेलेली दिसली. नवा फॉर्म, नवे दोन फोटो, पुन्हा रांग.

राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, ते गावाकडच्या पोरांना शिकायला छप्पर मिळावं म्हणून. आता छप्पर यादीत लागावं लागतं. कॉलेजचा प्रवेश पक्का झाल्याशिवाय हॉस्टेलचा अर्ज घेत नाहीत, आणि हॉस्टेलची यादी लागेपर्यंत पहिली चाचणी परीक्षा उरकलेली असते. तोवर पोरं बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या तरी खोलीत एक खाट भाड्याने. नंतर नंबर लागला तरी मुदतीआधी सोडलं म्हणून डिपॉझिट बुडतं, तेव्हा कॉट घेतानाच मधे सोडायची अट लिहून घ्यावी. अनुसूचित जातीच्या मुलांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,०००. पण ते पैसे मागाहून खात्यावर येतात आणि घरमालकाला एक तारखेला लागतात. मग काहीजण मित्राच्या खोलीत सतरंजी टाकतात. अशांना हॉस्टेलात ‘पॅरासाइट’ म्हणतात. रेक्टर राउंडला आला की ते कपाटामागे. खोल्या बांधायच्या नाहीत आणि लपणाऱ्याला दंड करायचा, हे मात्र बिनचूक जमतं.

रॅगिंगविरोधी हमीपत्र दरवर्षी नव्याने, विद्यार्थ्याचं वेगळं नि पालकाचं वेगळं. मी दोन्हींत बसत नव्हतो, म्हणून तिच्या बापाला नांदेडहून सही पाठवावी लागली. मग माझी कशाला हवी होती? विचारलं नाही. फॉर्म तिसऱ्यांदा भरायची ताकद नव्हती.

पहिल्या यादीत नाव नाही. भाची सध्या आमच्या सोफ्यावर असते. काल मैत्रिणीकडे जेवून आली, तर बायको मेसवालीसारखी म्हणाली, “खाडा आदल्या रात्री सांगायचा असतो.”