पडून राहण्याचा शीण : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. अवकाशात शरीराचे काय होते हे जमिनीवरच अभ्यासण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना साठ दिवस पलंगावर निजवून ठेवतात, त्या प्रयोगांवर माझा लेख होता.

‘साठ दिवस आयते जेवून पडून राहायचे, वर मानधन घ्यायचे, त्यात शीण कसला? शिवाय गुरुत्वाकर्षण पलंगावरही असतेच, मग ही अवकाशाची नक्कल कशी?’ असे आपण माझ्या लेखावर लिहिले आहे. दुसरा आक्षेप रास्त आहे. पलंगावरच्या स्थितीला मी सरसकट ‘वजनरहित’ म्हटले, ते चुकले. मात्र उभे असताना डोक्यापासून टाचांपर्यंत हाडांवर व स्नायूंवर येणारा भार आडवे झाल्यावर येत नाही, आणि डोक्याकडची बाजू 6 अंशांनी खाली केली की शरीरातले द्रव छातीकडे व चेहऱ्याकडे सरकतात. नक्कल आहे ती एवढ्याचीच.

शिणाबाबत मात्र मी सहमत नाही. 1966 साली डॅलस येथे विशीतल्या 5 निरोगी तरुणांना 3 आठवडे अंथरुणावर ठेवले होते. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. 30 वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासले, तेव्हा वयोमानाने झालेली घट त्या 3 आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी भरली. छातीकडे आलेला द्रव शरीराला जास्तीचा वाटतो, ते तो लघवीवाटे टाकून देते, रक्तातले पाणी कमी होते, आणि मग उभे राहताच घेरी येते.

मनाचे म्हणाल, तर 2019 साली जर्मनीत कोलोन येथे 24 जणांना 60 दिवस असे ठेवले, तेव्हा बौद्धिक चाचण्यांतला त्यांचा वेग थोडा पण निश्चित मंदावलेला आढळला. जेवण, स्नान, शौच, सारे आडव्यानेच.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी, मांडीचे हाड मोडल्यावर वडिलांनी 2 महिने अंथरूण धरले होते. ‘पडून पडून अंग आंबले रे’ असे ते रोज म्हणत, आणि ‘आता आरामच तर आहे’ असे मी उत्तर देत असे, याचे मला आजही वाईट वाटते. पाण्याचा तांब्याही मागून घ्यावा लागणे त्यांना फार लागे. एरवी अग्रलेख शेवटपर्यंत वाचणारे ते, दोन परिच्छेदांतच वर्तमानपत्र बाजूला ठेवत. अर्थात त्यांच्या थकव्यात वय, वेदना आणि औषधे हेही मिसळलेले होते. त्यातला निव्वळ पडून राहण्याचा वाटा किती, हे निरोगी माणसांना निजवल्याखेरीज वेगळे काढता येत नाही, आणि त्या स्वयंसेवकांच्या 60 दिवसांचे मोल मला याचसाठी वाटते.

‘वजनरहित’ हा शब्द मूळ लेखात आज दुरुस्त केला आहे.