पंखा मागे का?

उत्तेजनार्थ. तेही 'टाकाऊतून टिकाऊ' या गटात. सर्टिफिकेटवर माझं नाव आणि खाली 'कलाकृती : विमान', बस्स, आणि सोबत स्टीलचा एक डबा, ज्याचं झाकण लागत नाही. पहिला नंबर पाण्याच्या बाटल्या कापून केलेल्या मोराला गेला, दुसरा करवंट्यांच्या दिव्याला. दिवा खरंच छान होता. मोराबद्दल मी काही बोलणार नाही, कारण मोर करणाऱ्या वहिनी आमच्याच वाड्यावरच्या आहेत आणि मला अजून इथेच राहायचंय.

तर फोंड्याच्या बाजूला एका वाचनालयाने छंद प्रदर्शन ठेवलं होतं. गट तीनच. भरतकाम, रांगोळी आणि हा टाकाऊवाला. स्केल मॉडेल कुठे घालायचं हे फॉर्म घेणाऱ्या मुलीला कळेना, तिने खोक्यात डोकावून विचारलं, "ह्या उदबत्तीच्या काड्या ना?" म्हटलं हो. "मग झालं तर!" आणि टिक केली.

आता काड्या उदबत्तीच्या आहेत हे खरंय. पण त्या टाकाऊ नाहीत हो, मी अख्खा पुडा विकत आणून मसाला खरवडून काढलाय, घरात अजून मोगऱ्याचा वास फिरतोय, बायको म्हणते देवापुढे लावायला एक काडी शिल्लक नाही आणि विमानाला धूप दाखवून झाला. त्या बांबूच्या काड्या घासून घासून अर्ध्या जाडीच्या करायच्या तेव्हा कुठे त्या दोन पंखांमधले खांब शोभतात. विमान म्हणजे राइट बंधूंचं १९०३चं फ्लायर, स्केल १/४८, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळीसपट लहान. मूळ विमान पंखाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.३ मीटर, म्हणजे माझं झालं साधारण २६ सेंटिमीटर. किट वगैरे नाही. आराखड्याची प्रिंट काढायची, बाल्सा नावाचं हलकं लाकूड कुरियरने मागवायचं (लाकडापेक्षा कुरियर महाग) आणि पंखाची एकेक बरगडी कापत बसायचं. कापायला अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड लागतं, ते मेडिकलवाल्याकडे मागितलं तर तो आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मनगटांकडे बघतो, मग म्हणतो, "घरी सगळं ठीक ना?"

आणि हे सगळं गोव्याच्या पावसाळ्यात. इथे जुलैत चपला बुरसतात, पुस्तकं बुरसतात, माणसंही थोडी बुरसत असावीत. पांढरा गोंद आठवडा झाला तरी दबतो. पंखावर टिश्यू पेपर ताणून बसवला की रात्रीत ढिला होऊन भिजलेल्या पापडासारखा लोंबतो. ह्या हवेवर खूश असतो तो एकटा सुपरग्लू, त्याला सुकायला ओलावाच लागतो, त्यामुळे तार चिकटायच्या आधी बोट चिकटतं. दोन पंखांमध्ये ताणायच्या ह्या तारा म्हणजे मासे धरायची सगळ्यात बारीक नायलॉनची दोरी. ०.१ मिलिमीटर. ऐकायला केवढी बारीक वाटते, पण ४८ने गुणलं की जवळपास ५ मिलिमीटरची केबल होते, म्हणजे तीही जाडच. चिमट्यात धरायची, खांबाच्या बुडाला गाठ मारायची, श्वास रोखायचा, टाचणीच्या टोकाने गोंदाचा ठिपका द्यायचा, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी पंखा लावतो.

असो. प्रदर्शनाच्या दिवशी केकच्या खोक्यातून विमान बसने नेलं. बाजूच्या बाईने कोणाचा बड्डे म्हणून विचारलं, मी म्हटलं राइट बंधूंचा, तर म्हणाली, "जुळे?"

टेबलावर मला वीतभर जागा मिळाली, उरलेल्या जागेत मोराचा पिसारा होता. आणि मग आले परीक्षक. सत्तरीच्या आसपासचे, कुठल्याशा सरकारी खात्यातून रिटायर झालेले, खिशाला दोन पेनं, हातात पॅड, गळ्यात दोरीने लटकवलेला चष्मा. चष्मा चढवला, वाकले, बराच वेळ बघितलं.

"काय रे हे?"

"विमान, काका. राइट बंधूंचं."

"ते कळलं रे. पण उलटं ठेवलंयस."

"नाही काका, ही पुढची बाजू."

"पुढे शेपूट?"

"शेपूट नाही, एलिव्हेटर. वर-खाली करायचा भाग त्यांनी पुढे ठेवला होता."

"आणि पंखा?"

"मागे. दोन आहेत. एकाच इंजिनावर, सायकलसारख्या चेननी फिरायचे. त्यांचं सायकलचं दुकान होतं ना." ही चेन मी बायकोच्या तुटलेल्या खोट्या माळेतून काढली होती, एका बाजूची चेन मुद्दाम आठाच्या आकड्यासारखी फिरवून घेतली होती, कारण मूळ विमानात तशीच होती, म्हणजे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. मला वाटलं आता ते चेनबद्दल विचारतील.

"पंखा मागे का?"

"ढकलायला."

"विमान ओढायचं असतं मरे, ढकलायचं नसतं. ढकलतात ती गाडी, बॅटरी गेल्यावर."

यावर काय बोलणार. त्यांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. मग पेनाच्या टोकाने पायलटकडे बोट केलं. पायलट माझा साडेतीन सेंटिमीटरचा, त्याला टोपी होती, कॉलर होती.

"हा पडला बघ. गोंद सुटला."

"पडला नाही, पालथाच झोपायचा तो. कंबर एका पाळण्यात, कंबर हलवली की पंख पिळले जायचे, त्यावर विमान वळायचं."

"आजारी होता?"

"नाही हो!"

"मग बसायला काय झालं त्याला?" असं म्हणून त्यांनी नखाने त्याला उठवून बसवायचा प्रयत्न केला. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. परीक्षकाचा हात धरणं नियमात बसतं की नाही मला माहीत नाही.

पुढे मग चाकं कुठायत. चाकं नव्हतीच, खाली स्की होत्या आणि विमान ६० फुटी लाकडी रुळावरून सुटायचं. मग रूळ कुठाय? रूळ घरी आहे काका, ३८ सेंटिमीटर लांब आहे, मोर सरकला तर आणतो. रंग द्यायचा राहिला का? राहिला नाही, मूळ विमानाची मलमल तशीच कोरी होती. आणि पंख दोन्हीकडून खाली वाकलेत, ते बघून मात्र त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला. "पावसाने रे. आमच्या घरची दारंसुद्धा फुगलीत, न्हाणीघराचं तर लागतच नाही." मी सांगितलं, ते वाकवलेच होते, बाजूच्या वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून. त्यांनी मान हलवली. लहान पोराने दूध सांडून मांजराचं नाव घेतलं की आपण हलवतो ती मान.

पण ह्या माणसाची एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. सगळं झाल्यावर त्यांनी एक डोळा मिटला, पेन आडवं धरलं आणि म्हणाले, "हा उजवा पंख तुझा थोडासा लांब झालाय."

लांब आहेच! राइटांचं इंजिन पायलटपेक्षा जड होतं, इंजिन मध्यापासून उजवीकडे आणि माणूस डावीकडे, म्हणून तोल साधायला उजवा पंख त्यांनी चार इंच लांब ठेवला. माझ्या स्केलला चार इंच म्हणजे २ मिलिमीटर. दोन! ते मी एवढ्या हौसेने पाळलं होतं आणि पक्कं ठाऊक होतं की जन्मात कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि ते लक्षात आलं कोणाच्या, तर ह्यांच्या. क्षणभर वाटलं पाया पडावं. भडाभडा सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे त्यांचंच चुकलेलं," ते म्हणाले, "मग फळी जोडली."

तोवर गर्दी जमली होती, आणि मराठी गर्दीत राइट बंधूंचं नाव निघालं की जे होतं ते झालंच, मागून एकजण म्हणाला, "पण आपल्या तळपद्यांनी १८९५ मध्येच चौपाटीवर उडवलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता ह्या गोष्टीला धड पुरावा कोणाकडे नाही, आणि ज्या 'वैमानिकशास्त्र' नावाच्या ग्रंथाचा नेहमी हवाला देतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्ये तपासून लिहून ठेवलंय. हे मी तिथे बोललो का? नाही बोललो. बक्षीस हवं होतं मला. आता न बोलण्याची किंमत म्हणजे बिनझाकणाचा डबा.

काकांनी विचारलं, "मग गेलं किती लांब?"

"पहिल्यांदा १२ सेकंद. १२० फूट."

"म्हणजे त्या माडापर्यंत?" खिडकीतून बाहेर बघत.

"साधारण. पण त्याच दिवशी चौथ्यांदा ५९ सेकंद, ८५२ फूट!"

"आणि मग?"

"मग... वाऱ्याने उलटलं. मोडलं. परत कधी उडालं नाही."

"बघ!" त्यांनी पॅडवर पेन आपटलं. "मी तेच सांगतोय मघापासून. पंखा पुढे लावायला हवा होता."

मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं काका, आपल्याकडे अलाहाबादला १८ फेब्रुवारी १९११ला पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने हंबर-सॉमर विमानातून साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली, जगातली पहिली अधिकृत विमानटपाल ती, आणि त्याही विमानाचा पंखा मागेच होता.

"पत्रं पोचली?"

"पोचली."

ते जरा थांबले. "नदीपलीकडेच ना? होडीने पण पोचली असती." आणि जाता जाता, लोकांना 'नीट दिसावं' म्हणून, त्यांनी एलिव्हेटरला धरून अख्खं विमान गर्रकन फिरवलं, शेपूट लोकांकडे. टक्क असा बारीकसा आवाज आला. डावीकडची तार. मी तो दिवसभर चिमटा खिशात घेऊन उभा, आणि लोक शेपटीसमोर सेल्फी काढतायत.

खरं सांगू, बक्षिसाचं एवढं काही नाही. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट हाताने केली की ती एकतर शाळेचा प्रोजेक्ट तरी असते नाहीतर टाकाऊतून टिकाऊ तरी. बघायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी "मुलाने केलं का?" विचारलं. मुलगा बारावीला आहे, तो ह्या विमानाला हात लावत नाही, त्याला वाटतं मला कोणीतरी डॉक्टरला दाखवावं. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे ते अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, सी हॉक आहे, अलिझे आहे, तिथे जाऊन मी तासन्‌तास उभा राहतो आणि तिथेही माझ्या बाजूचा माणूस बायकोला सांगत असतो की हे सगळं भंगारात विकलं तर किती येतील.

काल रात्री फोन आला. काकाच. नंबर फॉर्मवरून घेतला म्हणाले. आवाजात एकदम गोडवा, आधी माझ्या वडिलांची चौकशी, मग आमचे आणि त्यांचे कसे लांबून सोयरे लागतात ते, मग मुद्दा. गणपतीची चवथ जवळ आली, त्यांच्या घरी यंदा मखरात विमानाचा देखावा करायचाय, नातवाचा हट्ट आहे, आणि "तुझा हात बरा आहे." साइझ दोन फूट तरी हवी. चाकं लागतील. रंग लाल-पिवळा. पंखा अर्थात पुढे. साहित्याच्या पैशाचं काही निघालं नाही. मी हो म्हटलं, सोयरीक निघाल्यावर नाही कसं म्हणणार. ठेवता ठेवता विचारलं, पायलट कोण ठेवायचा?

"उंदीर," ते म्हणाले. "पण बसलेला कर हं. तुझ्यासारखा पालथा नको."